गांगुर्डे मिस्त्रींचे कान

हसायला माझी काही हरकत नाही. सगळेच हसतात. अर्धी गोष्ट होईपर्यंत मीही हसतो. पण पुढची अर्धी सांगताना माझा चहा दरवेळी गार होतो, म्हणून आधी दोन घोट घेऊ द्या. हं. आता ऐका, एका शिकल्यासवरल्या माणसानं स्वतःचा पोपट कसा करून घेतला, आणि त्यात दुसऱ्याचं काय करून ठेवलं.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. राहायला नाशकात, इंदिरानगरला. गाडी अकरा वर्षांची, पांढरी, छोटी, बिचारी. कधी त्रास नाही दिला तिनं. आणि एके दिवशी ऑफिसातून येताना, बोगद्याच्या अलीकडच्या स्पीड ब्रेकरवर आवाज आला.

टक्.

पुढच्या खड्ड्यात टक् टक्. गल्लीत वळलो, तिथं खोदून ठेवलेलं, तर टकाटक टकाटक! पुढच्या उजव्या चाकाच्या बाजूनं. म्हणजे मला तसं वाटलं. आता माणसानं काय करावं? गाडी मिस्त्रीला दाखवावी. मी काय केलं? रविवारी सकाळी पोह्याची बशी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो, तो जेवणाची पानं घेतली तरी उठलो नाही.

दुपारपर्यंत मी तयार झालो होतो. पुढच्या चाकापाशी लिंक रॉड नावाची एक दांडी असते, लोअर आर्म असतो, त्याला रबरी बुश असतात, वर शॉकअप असतो. आदल्या दिवशी कुणी मला ‘बुश गेलाय’ म्हटलं असतं, तर मी दात घासायचा ब्रश शोधला असता! पण आता मी बायकोला जेवताना समजावून सांगत होतो, वरणाच्या वाटीला चमचा टेकवून, की चाक खड्ड्यात गेलं की भार कसा वर येतो.

सुनीता म्हणाली, "अहो, एवढं कळतंय तर तुम्हीच का नाही दुरुस्त करत?"

"निदान महत्त्वाचं असतं," मी म्हणालो. "हात काय, कुणीही चालवतं."

हे वाक्य मी गांगुर्डे मिस्त्रींसमोर बोललो नाही, एवढंच माझं पुण्य.

गांगुर्डे मिस्त्री म्हणजे पाथर्डी फाट्याजवळ पत्र्याचं गॅरेज असलेला साठीचा माणूस. एका वेळी एकच गाडी घेणार. बोलणं कमी. गाडी आली की आधी काच वर करून स्वतः एक चक्कर मारणार, आणि चक्कर मारताना शेजारच्यानं बोललेलं त्यांना चालायचं नाही. मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनवर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आमच्या सोसायटीतल्या जवळजवळ सगळ्या गाड्या त्यांच्याकडेच. डॉक्टर बदलतील लोक, पण गांगुर्डे बदलायचे नाहीत.

मी गाडी नेली आणि उतरायच्या आत निकाल दिला. "मिस्त्री, लिंक रॉड गेलाय. उजवीकडचा. बहुतेक लोअर आर्मचा बुशपण."

"असंल," ते म्हणाले. "बघू, चक्कर मारून येतो."

दहा मिनिटांनी परत आले. "साहेब, आवाज नाय ओ."

"नाही कसा? मी येताना फाट्यापर्यंत ऐकत आलो!"

"मग तुम्ही चालवा, मी बसतो."

निघालो. मुद्दाम वाईट रस्ता धरला. स्पीड ब्रेकर, खड्डा, ड्रेनेजचं झाकण... काही नाही! माझ्याच हातात स्टेअरिंग, तीच गाडी, तोच रस्ता, आणि गाडी गप्प. दवाखान्याच्या पायरीवर पोटदुखी थांबलेल्या पोरासारखी. शेजारी गांगुर्डे डोळे मिटून बसलेले. अर्ध्या तासापूर्वी मी या माणसाला लिंक रॉड शिकवला होता, आणि आता काय म्हणू? ‘चुकलो’ म्हणू?

एक खड्डा आला. आणि मी ओरडलो, "आला! आत्ता आला! ऐकलात?"

खरं सांगू का? आला नव्हता.

काहीही वाजलं नव्हतं. मी धडधडीत खोटं बोललो. का, तर माझी दुपारच्या जेवणातली विद्वत्ता खोटी पडत होती.

गांगुर्ड्यांनी डोळे उघडले. "आला?"

"म्हणजे काय! स्पष्ट!"

"परत घ्या बरं त्याच खड्ड्यातून."

परत घेतली. "आला!" मी म्हणालो. एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा कितीसा वेळ लागतो?

गॅरेजमध्ये येऊन मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाक धरून हलवलं, टॉमीची लोखंडी दांडी घालून एकेक सांधा उचकून पाहिला. मग हात पुसत म्हणाले, "साहेब, सगळं घट्ट हाय. आवाज मला आला असता तर मी खोललं असतं. ज्याचा आवाज मला येत नाय, ते मी काय बदलू?"

किती सरळ बोलले होते! आज मी ते वाक्य फ्रेम करून लावीन. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात गेलं. आणि गॅरेजमधून निघालो, तर पहिल्याच स्पीड ब्रेकरवर टक्! टक् टक्! खरोखरचा. आता सांगा, माझी खात्री पटेल की नाही? आवाज आहे. मला येतो. त्यांना येत नाही. म्हणजे काय? म्हणजे मिस्त्रींचे कान गेले!

इथपर्यंत ठीक होतं हो. घरातल्या घरात राहिलं असतं. पण आठवड्याभरापूर्वीच मला सोसायटीचा सेक्रेटरी केलं होतं. नवा नवा सेक्रेटरी, हातात व्हॉट्सॲप ग्रुप! मी ऑफिसच्या भाषेत मजकूर टाकला: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पाथर्डी फाटा येथील श्री. गांगुर्डे मिस्त्री यांना वयोमानानुसार ऐकू कमी येत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी वाहनातील आवाजाच्या तक्रारींसाठी अन्यत्र जावे. आपला, सचिव."

निदर्शनास आले आहे! कुणाच्या? माझ्या!

संध्याकाळपर्यंत ‘कमी येतं’चं ‘येत नाही’ झालं. दोन दिवसांत शेजारच्या दोन सोसायट्यांत पोचलं. तिसऱ्या मजल्यावरचे देवरे आठवड्यानं मला लिफ्टमध्ये म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मी हॉर्नचं काम होतं म्हणून गेलो होतो, तर सरळ कागदावर लिहूनच नेलं. वर हातवारे करून दाखवलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडं बघत राहिले, आणि मुकाट्यानं हॉर्न बसवून दिला."

मी हसलो. देवऱ्यांसोबत मीही हसलो, लिफ्टमध्ये.

इकडे माझी गाडी मी एका काचेच्या दाराच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये टाकली. तिथं चक्कर वगैरे काही भानगड नाही. टाय घातलेल्या माणसानं माझं निदान टॅबवर उतरवून घेतलं आणि म्हणाला, "करेक्ट, सर." आहाहा! हा खरा जाणकार! लिंक रॉड बदलले. गाडी घरी आणली, फाटकापाशीच टक्. परत नेली. बुश बदलले. टक्. शॉकअप बदलले. टक् टक्. तो माणूस दरवेळी म्हणायचा, "सर, नवीन पार्ट आहे, सेट व्हायला वेळ लागतो." मला ते पटायचं! साठ वर्षांच्या माणसाचे कान गेले हे पटलं, तसं हेही.

मधे एकदा फाट्यावरून जाताना गांगुर्ड्यांच्या गॅरेजवर नजर गेली. पत्र्यावर खडूनं लिहिलेलं होतं, ‘आवाजाचं काम बंद.’

आणि मला काय वाटलं असेल? वाटलं, बघा, मी म्हणत होतो ना!

आता माझ्या सासूबाई. त्यांना मी मामी म्हणतो. निफाडजवळ राहतात. सत्तरी ओलांडली तरी द्राक्षाच्या बागेत छाटणीला स्वतः उभ्या. गुडघा दाखवायला त्यांना नाशकात आणायचं होतं, म्हणून मी आणि सुनीता गाडी घेऊन गेलो. जाताना टकटक चालूच. सुनीता आता त्याकडं लक्षही देत नव्हती.

मामींच्या दारात गाडी लावली, जेवायला बसलो, तेवढ्यात रिकामे क्रेट घेऊन पिकअप आली आणि आमची गाडी आडवी. ड्रायव्हर म्हणाला, "चावी द्या, मी घेतो बाजूला." मी जेवता जेवता डाव्या हातानं जुडग्यातून गाडीची चावी सोडवून दिली. बाकीचा जुडगा खिशात ठेवला.

ह्या जुडग्याबद्दल आता सांगतो. सेक्रेटरी झालो तेव्हा तो मला मिळाला. गच्ची, पंपाच्या खोल्या, मीटर रूम, लिफ्टची खोली, हॉलची कपाटं, झाडून सगळ्या किल्ल्या एका लोखंडी कडीत. त्यातच मी गाडीची चावी अडकवली होती. आणि सोसायटीच्या किल्ल्या परक्याच्या हाती द्यायच्या नाहीत, हा माझा नियम. गाडी कुठंही द्यायची झाली की मी आधी चावी सोडवून घ्यायचो. गांगुर्ड्यांकडेही. वर्कशॉपमध्येही. आपल्या शिस्तीचं मला फार कौतुक होतं.

तुम्हाला कळलं ना? लगेच कळलं! मला महिनाभर कळलं नाही.

परत निघालो. पुढं माझ्या शेजारी मामी, मागं सुनीता. निफाड सुटलं, स्पीड ब्रेकर गेला. आवाज नाही. दुसरा गेला. नाही! मी मुद्दाम रस्त्याच्या कडेचे खड्डे धरायला लागलो.

"जावईबापू, नीट चालवा की!" मामी म्हणाल्या. "गुडघा दाखवायचाय अजून, तुटायचा नाय."

"मामी, आवाज गेला! सुनीता, सेट झाले पार्ट! सांगत नव्हतो मी?"

नाशकातल्या द्वारका चौकापर्यंत मी गुणगुणत गाडी चालवली. तिथं केळी घ्यायला थांबलो. गाडीत परत बसताना खिशातला जुडगा मांडीला टोचला, तो काढून पुन्हा गाडीच्या चावीला अडकवला आणि निघालो. पहिला खड्डा.

टक्.

माझा चेहराच पडला. "आला! मामी, ऐकलंत? आला परत!"

मामी शांतपणे केळं सोलत होत्या. "आता वाजनारच की."

"का?"

"एवढं किलोभर लोखंड लटकावलं तुम्ही तिथं. मगाशी नव्हतं. ते खाली आपटतंय ना त्या प्लॅष्टिकवर."

मी गाडी बाजूला घेतली. जुडगा हातानं हलवला. टक्. स्टेअरिंगखालच्या कव्हरवर आपटत होता. टक् टक्. मी तो सोडवून मांडीवर ठेवला, पुढचा खड्डा ओलांडला. शांत.

मागं सुनीता हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "लिंक रॉड!" म्हणायची आणि परत हसायची. मामींना काही कळेना, पण त्याही हसल्या. काय करणार, मीही हसलो. तिघंजण भर रस्त्याच्या कडेला, केळ्यांची साल हातात, वेड्यासारखे हसत होतो.

मग सुनीता एकदम थांबली.

"अहो," ती म्हणाली, "मग गांगुर्डे?"

मी चावी फिरवली आणि गाडी घराकडं काढली.

तुम्हाला वाटेल, मी तसाच गॅरेजवर गेलो असेन. नाही. चार दिवस गेलो नाही. ऑफिसला जाताना फाटा टाळून लांबच्या रस्त्यानं जायचो. पाचव्या दिवशी सुनीतानं डबा भरून दिला आणि म्हणाली, "ऑफिस दहाला उघडतं. आधी तिकडं जा."

गॅरेजमध्ये गांगुर्डे एकटेच होते, स्टुलावर बसून ब्रेकचे पॅड साफ करत. मला बघून उठले. "या साहेब," म्हणाले. आणि पटकन खुर्ची माझ्या अगदी तोंडासमोर ओढून बसले. मला आधी उमगलं नाही. ते माझ्या ओठांकडं बघत होते.

"मिस्त्री, असं काय बसलात?"

"ऐकायला बरं पडतं. काय असतंय साहेब, लोक लय ओरडून बोलतात आता. मला बी वाटाया लागलं, असंल बुवा. मग पोरीनं नेलं कानाच्या डॉक्टरकडं. हेडफोन लावून बसवलं, शिट्टी वाजली की बोट वर करायचं. डॉक्टर म्हणे, कान चांगले हायेत, तरण्या माणसासारखे. मी म्हटलं, मग साहेबांना आला तो आवाज मला का नाय आला? तो काय बोलला नाय." त्यांनी पॅड खाली ठेवला. "त्याचं मशीन बिघडलं असंल."

मी म्हटलं, "चला, गाडीत बसा."

"आवाजाचं काम मी..."

"बसा हो!"

बसले. जुडगा चावीला लटकत होता. पहिल्याच खड्ड्यात टक्. गांगुर्ड्यांची मान अशी वळली! "आला!" ते म्हणाले. दुसरा खड्डा. टक् टक्. "आला साहेब! आला!" त्यांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले. मला वाटलं होतं, रागावतील, शिवी घालतील. तो माणूस आनंदला होता! डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. "पण हा खालचा न्हाय. आतला हाय. किल्ल्यांचा हाय!"

एका मिनिटात. डोळेसुद्धा मिटले नव्हते.

मी सगळं सांगितलं. चावी, शिस्त, निफाड, मामी. ते मान हलवत हसत होते. मग जुडगा सोडवून त्यांनी स्वतः मांडीवर घेतला आणि एकदम हात वर केला. "थांबा. बोलू नका. डावीकडनं बारीक येतोय एक."

"मला नाही येत."

"येतोय."

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेतली. डावीकडच्या नव्या लिंक रॉडचा नट ढिला होता. वर्कशॉपवाल्यांनी नीट आवळलाच नव्हता. म्हणजे बघा, ज्या रोगाचं निदान मी एवढा गाजावाजा करून केलं, तो माझ्या गाडीला माझ्याच इलाजानं झाला, आणि झाला तेव्हा मला ऐकूही आला नाही!

गांगुर्डे गाडीखाली आडवे होऊन नट आवळत होते. खालूनच त्यांनी विचारलं, अगदी साधेपणानं, "साहेब, एक समजंना. त्या दिवशी माझ्याकडं आला तवा जुडगा तुमच्या खिशात होता ना?"

"हो."

"मग तुम्हाला खड्ड्यात दोनदा आवाज आला, तो कसला?"

पान्याचा आवाज थांबला होता. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. किल्ल्यांचं सांगणं सोपं होतं हो, त्यात गंमत होती. हे सांगायला मी आलोच नव्हतो. हे मी सुनीतालाही सांगितलं नव्हतं.

"आला नव्हता," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

मग पाना पुन्हा फिरायला लागला. नट आवळून झाला, ते बाहेर आले, हात पुसले, गाडी खाली घेतली. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "मी महिनाभर घरी टीव्ही मोठा करून बघायलो, साहेब. पोरगी म्हणायची, बाबा, एवढा कशाला? मी म्हणायचो, मला काय कळतंय, मोठा हाय का बारका." आणि स्टुलावर जाऊन पॅड साफ करायला बसले.

मी तिथं उभा राहिलो. मग निघालो.

त्याच दिवशी ग्रुपवर माफी टाकली. ऑफिसच्या भाषेत नाही. चूक माझी, खोटं मी बोललो, मिस्त्रींचे कान उत्तम आहेत, असं सरळ लिहिलं. पहिल्या मजकुराला सव्वाशे उत्तरं आली होती. ह्याला दोन अंगठे आले. आणि एकानं विचारलं, पाणी किती वाजता सोडणार.

खडूची अक्षरं पुसली गेली, हे खरं. गाड्याही हळूहळू परत आल्या. पण उठलेली बोंब कुठं सगळ्यांच्या कानांतून उतरते? अजून निम्मे लोक गांगुर्ड्यांशी ओरडूनच बोलतात. मी गाडी घेऊन जातो, ते काम करतात, चहाही विचारतात. पण चक्कर मारायला निघाले की मला शेजारी बसवत नाहीत.

परवा मी तिथंच उभा होतो. शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ आले आणि दारातूनच गरजले, "मिस्त्रीऽऽ! क्लच! क्लच बघायचाय, क्लऽऽच!"

गांगुर्ड्यांनी मान वर केली. शांतपणे म्हणाले, "हळू बोला साहेब, मला ऐकू येतंय." आणि हातातला पाना माझ्याकडं रोखला.

"ओरडायचंच असंल, तर ह्यांच्याकडं तोंड करून ओरडा."